थोरल्याला डोकं, धाकट्याला खांदा

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमचं भांडण मी ऐकलं. थोरलीने कुठेतरी वाचलं होतं की पहिलं मूल पुढच्या भावंडांपेक्षा बुद्धिमान असतं, आणि ते तिने जेवताना धाकट्याला ऐकवलं. धाकट्याने ताट सरकवलं. तुमची आई म्हणाली, "आई, तूच काय ते सांग यांना." मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर उरकण्यासारखं ते नव्हतं. माझ्या ओळखीच्या एका माणसाने हाच प्रश्न म्हातारपणी हातात घेतला होता आणि तो त्याला महाग पडला. तो माणूस गेल्या दिवाळीच्या आधी गेला. मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा.

मला सगळं क्रमाने लिहायची सवय आहे, हे माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून तुम्हाला माहीत आहे. पण ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते सर क्रमाने आठवत नाहीत. आधी आठवतो तो त्यांचा पिवळा खिसा.

ते आमच्या सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे आणि मी इंग्रजी. शर्ट रोजचा पांढरा, स्वच्छ धुतलेला, पण खिसा कायमचा हळदीने माखलेला. सांगलीत हळदीचा मोठा बाजार. सर तिथून हळकुंडं आणायचे आणि खडूसारखी खिशात बाळगायचे. दोन गटांच्या सरासऱ्या खरोखर वेगळ्या आहेत की नाहीत हे ठरवायची एक चाचणी असते, ती ते हळकुंडांवर शिकवत. एकदा माझा तास रिकामा होता म्हणून मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. टेबलावर त्यांनी दोन ढीग मांडले होते.

"हा एका पोत्यातला, हा दुसऱ्यातला. दोन्ही पोती एकाच शेतातली की वेगळ्या शेतांतली?"

"ह्याची जाड हायत, सर," पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला.

"सगळी?"

"न्हाई. काय काय."

"आणि त्या ढिगात जाड नाहीत?"

"हायत की. पर कमी."

"किती कमी असली म्हणजे तू शेत वेगळं म्हणशील?"

मुलाने दोन्ही ढीग परत चाळून पाहिले आणि सर खूश झाले. मग म्हणाले, "दोन सरासऱ्यांत अंतर असणारच. एकाच पोत्यात दोनदा हात घातलास तरी दोन मुठींची सरासरी सारखी येणार नाही. म्हणून नुसतं अंतर बघून बोलायचं नाही. एकेका ढिगात आतल्या आत किती कमीजास्त आहे ते बघ, तू किती हळकुंडं मोजलीस ते बघ, आणि त्यावरून निव्वळ योगायोगाने केवढं अंतर पडू शकतं ते काढ. तुझं अंतर त्याच्या पुष्कळ पुढे गेलं तरच तोंड उघड. नाही गेलं तर म्हण, सांगता येत नाही. फरक नाही असंही म्हणू नकोस. म्हण, सांगता येत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, रोज हळद लागतीया, लगीन कवा?"

"वधूपक्षाचा नमुना फार लहान आहे," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले. लग्न त्यांनी केलं नाही.

स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. मी मूळची साताऱ्याची, त्यामुळे मला चिडवायची सगळ्यांना सोय होती. मराठीचे एक प्राध्यापक एकदा म्हणाले, "सातारची माणसं तोंडावर बोलतात, सांगलीची पाठीमागे." सर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "दोन्हीकडची किती मोजलीत?" प्राध्यापक म्हणाले, "आयुष्य गेलं माझं माणसांत." सर म्हणाले, "मी आयुष्य नाही विचारलं." अशा माणसाला मित्र थोडे असतात. 'साधारणपणे', 'बहुतेक लोक', 'आपल्याकडे' असे शब्द त्यांच्यासमोर वापरायची चोरी झाली होती. माझ्या तासाला मीसुद्धा ते शब्द टाळायला लागले, आणि माझं इंग्रजी त्याने सुधारलं असं मला वाटतं.

भाजी ते डोळे मिटून घ्यायचे. हे मी स्वतः पाहिलं आहे. वांग्याच्या ढिगापुढे बसायचं, डोळे मिटायचे आणि हात घालायचा. निवडून घेतलं तर ढीग कसा आहे ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. भाजीवाली ओरडायची, "आवं सर, डोळं उघडा की. किडकं गेलं तर परत माझ्याच नावानं बोंब." आणि घरी गेल्यावर अक्का म्हणायच्या, "आणली का परत आंधळ्याची भाजी?"

अक्का म्हणजे सरांची बहीण. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या एका खेड्यात ही भावंडं वाढली. वडिलांची पावसावरची थोडी जमीन आणि मेंढरं. अक्कांना लहानपणीच कवठे महांकाळकडच्या एका घरात दिलं होतं. मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर गेला, आणि सरांना नोकरी लागल्यावर त्या सांगलीला त्यांच्याकडे आल्या त्या कायमच्या. उंच, काटक, बोलणं अजून माणचंच. मी गेले की म्हणायच्या, "या बाई. दादा, बाई आल्या बघ."

त्या सरांना दादा म्हणायच्या आणि सर त्यांना अक्का. एकमेकांना दोघंही मोठ्याची हाक मारत होते. वर्षानुवर्षं आमच्या कानांवर हे पडत होतं आणि आम्हा कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. घरातला पहिला मुलगा दादा, एवढं सरळ होतं ते.

सरांना एक धाकटा भाऊ होता. तो मुंबईला भाजीच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहायचा. गावच्या जत्रेला यायचा तेव्हा एक दिवस सांगलीत उतरायचा. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. मानेच्या खाली, उजव्या खांद्यावर पोत्यांनी घट्टा पडलेला, लहान लिंबाएवढा. तो अंघोळ करून उघड्या अंगाने ओट्यावर बसला की सर त्या घट्ट्याकडे बघत राहायचे आणि मग दुसरीकडे बघायचे.

त्यांच्या वडिलांचं एक वाक्य होतं: थोरल्याला डोकं, धाकट्याला खांदा. एकालाच शिकवणं शक्य होतं, तेव्हा हे वाक्य बोलून त्यांनी एकाला शाळेत ठेवलं आणि दुसऱ्याला काढलं. धाकटा हे वाक्य हसत हसत सांगायचा. "बाई, आमच्या बाबानं लय सोपी वाटणी केली बघा. भांडायला जागाच ठेवली न्हाई."

सर हसत नसत. तो गेल्यावर एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, त्याचं डोकं कुणी तपासलं होतं?"

"म्हणजे?"

"मला ठेवलं, त्याला काढलं. कशावरून? मी पहिला म्हणून. पहिल्याला डोकं असतं असं बाबांना वाटत होतं. किती पोरं मोजली होती बाबांनी?"

मी म्हटलं, "सर, जुनी गोष्ट आहे."

"खांदा जुना नाही," ते म्हणाले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच काम हातात घेतलं. पहिली मुलं आणि नंतरची मुलं, असे दोन गट. दोघांना एकच बुद्धिमापनाची चाचणी द्यायची, दोन सरासऱ्या काढायच्या आणि त्यांतलं अंतर योगायोगाच्या पलीकडे जातं का ते बघायचं. बाहेरच्या देशांत लोकांनी हे पुष्कळ केलं आहे, पण सरांना इथली मुलं हवी होती. "माझ्या बाबांनी तिथल्या पोरांवरून ठरवलं नव्हतं," असं म्हणाले.

चाचणी इंग्रजीत होती, म्हणून ते माझ्याकडे आले. मीही तेव्हा निवृत्त झाले होते. भाषांतर करताना गंमत व्हायची. एका चित्रात बर्फाचा माणूस होता आणि त्याला काय कमी आहे ते ओळखायचं होतं. मी म्हटलं, माणच्या मुलांनी बर्फ फक्त रसवंतीत पाहिलेला, त्यांना त्या माणसाला टोपी हवी की गाजराचं नाक हे कुठून कळणार? तिथे आम्ही शेतातलं बुजगावणं घातलं. मग सर म्हणाले, आता या प्रश्नाला शेतकऱ्याची मुलं पुढे जातील, म्हणून तो प्रश्नच काढून टाकला.

गाडी मी चालवायचे. दहिवडीकडची एक शाळा, रहिमतपूरची एक, कवठे महांकाळची एक, अशा काही शाळांत सरांचे जुने विद्यार्थी मुख्याध्यापक होते. सर शेजारी मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन बसायचे. वर्गात गेलं की ते प्रत्येक मुलाला जवळ बोलावून विचारायचे, "घरात तू कितवा?" किंवा "कितवी?" आणि उत्तर स्वतःच्या हाताने कागदाच्या कोपऱ्यात लिहायचे. मुलांवर सोपवलं तर चुका होतील म्हणून.

एकदा परत येताना मी विचारलं, "निकाल कुठल्या बाजूने लागावा असं वाटतं?"

"पहिली मुलं हुशार निघावीत," ते म्हणाले. "तशी निघाली तर बाबांचा अंदाज बरोबर होता. मग त्याच्या खांद्याचा दोष माझ्याकडे येत नाही. मला काय हवंय हे मला पक्कं माहीत आहे, बाई. म्हणूनच मी मोजतोय. ज्याला माहीत नसतं त्याने मोजलं नाही तरी चालतं."

निकाल तसाच लागला. पहिल्यांची सरासरी वर होती आणि अंतर योगायोगाच्या बरंच पुढे गेलेलं होतं. सरांनी आकडे अनेकदा तपासले. मग त्यांनी लेख लिहिला, मी त्याचं इंग्रजी नीट केलं आणि एका संशोधनाच्या मासिकाने तो छापायला घेतला. त्या महिन्यात सर भाजी उघड्या डोळ्यांनी आणायला लागले, असं अक्कांनी मला सांगितलं. मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. माणूस किती हलका झाला होता ते त्यावरून कळत होतं.

छापण्याआधी शेवटची प्रत तपासायला मी त्यांच्या घरी गेले होते. दुपार होती. अक्का जमिनीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. आम्ही इंग्रजीत वाचत होतो, तर त्या म्हणाल्या, "बाई, आमाला बी कळंल असं सांगा की. एवढं दादा उन्हातानातनं फिरला, काय घावलं त्याला?"

मी सांगितलं. इतक्या शाळांतली मुलं घेतली, दोन गट केले, पहिली मुलं सरासरीने पुढे निघाली.

"म्हंजे बाबाचं खरं झालं म्हना."

"तसं म्हणता येईल," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं ठाम वाक्य मी क्वचितच ऐकलं होतं.

अक्कांनी आणखी दोन-चार शेंगा फोडल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, "मग मी कितवी रं?"

सरांनी वर बघितलं.

"आईला पयली मीच झाले न्हवं? तू माझ्या कडंवर वाढलास. म्हनून म्हनलं, मी ह्यात कुठं बसते?"

अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टोचून न्हाई बोलले, बाई. इचारलं आपलं. हुशार मानसांनी कायतरी धरलं आसंल."

सरांनी चष्मा काढून लेखावर ठेवला आणि आतल्या खोलीत गेले. मी तिथेच बसून राहिले. अक्का शेंगा फोडत होत्या.

त्याच आठवड्यात आम्ही परत माणला, दहिवडीकडच्या त्या शाळेत गेलो. तोच वर्ग, तीच मुलं. सरांनी फळ्यापुढे उभं राहून सांगितलं, "मागच्या वेळी मी विचारलं होतं, घरात तू कितवा. आता परत विचारतो. या वेळी बहिणी धरून सांगायचं."

वर्गात कुजबुज झाली. एक मुलगा उभा राहिला. मागच्या वेळी त्याने 'पयला' सांगितलं होतं. "सर, दिलेल्या बी मोजायच्या?"

"दिलेल्या म्हणजे?"

"लगीन झाल्याल्या. आमच्या दोगी दिल्या की. एक फलटणला आन एक वडूजला."

"मोजायच्या."

त्याने मनात हिशेब केला. "मग मी तिसरा."

मागून आवाज आला, "गड्या, पयल्याचा तिसरा झाला रं," आणि वर्ग हसला. पण मग एकेकाचा नंबर खाली यायला लागला तसं हसणं थांबलं. पहिले दुसरे झाले, दुसरे चौथे झाले. त्यांच्यापैकी कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. विचारलं तेव्हा त्यांनी घर जसं मोजतात तसं मोजलं होतं.

एक मुलगी हात वर करून उभी होती. "सर, मी दुसरी सांगितली हुती. दादा पयला."

"दादा तुझ्यापेक्षा मोठा?"

"न्हाई. ल्हान हाय. तिसरीत हाय."

"मग तो पहिला कसा?"

तिला प्रश्नच कळला नाही. "पयला त्योच की, सर," ती म्हणाली.

सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शाळेचं मोकळं पटांगण आणि एक बाभळ. मुलांची उत्तरं मग मीच लिहून घेतली.

येताना वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून मी गाडी थांबवली. धनगर सावकाश चालला होता. सर म्हणाले, "मी जन्मक्रम मोजलाच नाही, बाई. घरात दूध आधी कुणाला मिळतं ते मोजलं. ज्याला दूध, त्याला शिकवणी, त्यालाच नवी वही. तो चाचणीत पुढे जाणारच. आणि त्याला मी पहिला म्हटलं, कारण त्याचं घर त्याला पहिला म्हणतं."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळणार होतं?"

"मला?" ते म्हणाले. "माझ्या घरात रोज कुणीतरी मला दादा म्हणतं. तिला मी अक्का म्हणतो."

कळप गेला. मी गाडी सुरू केली.

सगळ्या शाळांत परत जाऊन गट नीट लावले तेव्हा अंतर उरलं नाही. म्हणजे थोडं उरलं, पण योगायोगाने पडेल त्याच्या आतलं. सरांनी तो आकडा मला दाखवला आणि म्हणाले, "सांगता येत नाही." हे वाक्य ते जन्मभर म्हणत आले होते. लेख त्यांनी मागे घेतला. मी म्हटलं, जे सापडलं तेच आता लिहा, हा लेख जास्त मोलाचा होईल. म्हणाले, लिहीन. लिहिला नाही.

भावाला मात्र त्यांनी फोन केला. मी समोर होते आणि फोन मोठ्या आवाजावर होता, कारण सरांना कमी ऐकू येत असे.

"मी म्हणत होतो ते चुकलं," सर म्हणाले. "पहिल्याला डोकं जास्त असतं असं दिसत नाही."

"म्हंजे माझं बी डोकं बरं हुतं म्हन की."

"तेही सांगता येत नाही."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "आरं दादा, आता खांदा दुखतोय, तर डोकं हुतं का न्हाई ते कशाला इचारत बसलास? गोळ्या घे, झोप. अक्काला म्हनावं, जत्रंला येतोय."

त्याने माफ केलं होतं की त्याच्या मनात माफ करण्यासारखं काही नव्हतंच, हे मला कळलं नाही. सरांनाही कळलं नसावं. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "त्याला निदान वाक्यात जागा होती. खांद्याची का होईना. बाबांच्या वाक्यात अक्काला काय आहे?"

मग त्यांच्या मनाने घेतलं की अक्कांना चाचणी द्यायची. अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. सर शाळेत जायच्या वयाचे झाले तेव्हा मेंढरांमागे कुणीतरी हवं म्हणून अक्कांना शाळेतून काढलं होतं. वाचता येत होतं. सरांनी त्यांच्यासाठी अक्षर मोठं करून कागद छापून आणला. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तो त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन्सिल दिली. मी म्हटलं, "सर, एका माणसावरून काय सिद्ध होणार? तुम्हीच सांगता, एकाच हळकुंडावरून पोत्यातलं कमीजास्त कळत नाही."

"मला सिद्ध करायचं नाही," ते म्हणाले. "तिला एकदा कुणीतरी विचारायला हवं होतं."

अक्कांनी कागद उलटसुलट करून पाहिला. चित्रांवरून बोट फिरवलं. एका चित्रापाशी जरा थांबल्या, मला वाटलं पेन्सिल उचलतील. मग कागदाची नीट घडी घालून त्यांनी सरांच्या मांडीवर ठेवली.

"नगं रं दादा."

"का? सोपं आहे. चित्रंच आहेत."

"सोपं हाय ते दिसतंय की मला." त्यांनी पेन्सिलही त्या घडीवर ठेवली. "हुशार निघाले तर आता काय करू मी त्याचं? आन न्हाई निघाले, तर बाबाचं खरं झालं. दोन्हीकडनं मलाच लागतंय. राहू दे. भाकरी थापायचीय."

त्या उठून आत गेल्या. सर कागदाची घडी मांडीवर धरून बसले होते. मी पर्स उचलली आणि निघाले. फाटकापर्यंत सोडायला ते नेहमी यायचे, त्या दिवशी आले नाहीत.

त्यानंतर दोनेक वर्षं ते होते. खिशात हळकुंडं नसायची. बाजारात जाणं बंद झालं, भाजी अक्काच आणायच्या. कुणी त्यांच्यासमोर 'आपल्याकडे असंच असतं' म्हणालं तरी ते काही विचारत नसत. लोकांना वाटलं, म्हातारपणी सर निवळले. मला तो काळ बघवत नव्हता. मोजणं सोडलेला तो माणूस मला परक्यासारखा वाटायचा. मी गेले की आम्ही तिघं चहा घ्यायचो, आणि सर अधूनमधून अक्कांकडे असं बघायचे की जणू त्या आत्ताच घरात आल्या आहेत.

नवरात्र संपल्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डोळे मात्र स्वच्छ होते आणि बोललेलं कळत होतं. भावाला कळवलं होतं, तो मुंबईहून निघाला होता. दुपारी एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला, घरच्यांची माहिती विचारायला. स्वभावाने चांगला होता, अक्कांना 'आजी' म्हणत होता.

"आजी, तुम्ही यांच्या कोण?"

"भन."

"आई-वडिलांना रक्तदाब होता?"

"तवा कोन बघत हुतं?"

"यांची भावंडं किती? कुणाला असा त्रास?"

"दोघं भाव," अक्का म्हणाल्या. "थोरला ह्यो, धाकटा मुंबईला हाय. त्याला काय न्हाई, खांदा दुखतो तेवढा."

त्यांची स्वतःची रक्तदाबाची गोळी त्यांच्या पिशवीत होती, मीच सकाळी आणून दिली होती. मी काही बोलणार तेवढ्यात सरांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. त्यांनी तीन बोटं उघडली.

डॉक्टर वाकला. "काय हवंय, बाबा? तीन काय?"

सर त्याच्याकडे बघत नव्हते. ते अक्कांकडे बघत होते.

अक्कांनी ती बोटं पाहिली. त्यांच्या तोंडावर काही हललं नाही, फक्त पदर त्यांनी खांद्यावर पुढे ओढून घेतला. मग त्यांनी दोन्ही हातांत तो हात धरला आणि एकेक बोट मिटवलं, लहान मुलाची मूठ मिटवावी तसं.

"राहू दे रं दादा," त्या म्हणाल्या. "लिवा तुमी, डॉक्टर. दोघं."

डॉक्टर लिहायला लागला. सरांनी अक्कांच्या हातातून आपला हात हळूहळू सोडवून घेतला, आणि परत बोटं उघडली.